मधला बॉल

हरणं हा सोनाजीराव हिवराळ्यांचा पोटापाण्याचा धंदा होता आणि वीस वर्षं त्यांनी तो इमानेइतबारे केला. संध्याकाळी पाच वाजता ते हरायला सुरुवात करत आणि दिवेलागणीला बॉल दिसेनासा झाला की थांबत. मध्ये साहेब लोक चहा घेत तेवढीच काय ती सुट्टी. रविवारी सकाळीसुद्धा त्यांना हरावं लागे, कारण रविवारी साहेबांना वेळ असे.

जालन्याच्या आमच्या क्लबाचे ते मार्कर होते. मार्कर म्हणजे क्लबाने पगारावर ठेवलेला टेनिस खेळणारा माणूस. मेंबरांना जोडीदार कमी पडला की त्याने खेळायचं, नवशिक्याला शिकवायचं आणि उरलेल्या वेळात कोर्टावर पाणी मारायचं, फक्कीच्या रेघा ओढायच्या, जाळी बांधायची. हे सगळं सत्तरच्या दशकातलं. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. पण क्लबातल्या साहेबांची संख्या आणि रुबाब पाहिला, तर जिल्हा कधीच झालाय आणि फक्त सरकारला कळवायचं राहिलंय, असं वाटावं.

मी बांधकाम खात्यात ज्युनियर इंजिनिअर होतो. क्लबात मला घेतलं ते माझ्या टेनिससाठी नव्हे, तर खात्याच्या रोलरसाठी. कोर्ट मुरमाचं, निजामाच्या राजवटीतलं. दर पावसाळ्यानंतर ते दाबून घ्यावं लागे आणि गावात धड रोलर एकच, तो माझ्या ताब्यात. सेक्रेटरींनी रोलर मागून घेतला आणि त्याच्याबरोबर मलाही ठेवून घेतलं.

पहिल्याच आठवड्यात मी मार्करना सहा-चार असं हरवलं. घाम निथळत होता, पण हरवलं. घरी येऊन बायकोला सांगितलं, की वीस वर्षं खेळणाऱ्या माणसाला मी आज लोळवला. ती म्हणाली, आंघोळ करून घ्या. दुसऱ्या दिवशी कळलं, की सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांनीही त्यांना आदल्याच दिवशी सहा-चार हरवलं होतं. डॉक्टरसाहेबांचा उजवा खांदा वर्षभर धरलेला होता आणि ते बॉल खालून भाकरी सरकवल्यासारखा सरकवत. तेव्हा मला पहिली शंका आली.

ती फिटली एका दुपारी. रोलर कुठे उभा करायचा ते बघायला मी अवेळी क्लबात गेलो, तर कोर्टावर सोनाजीराव एकटेच. पलीकडच्या कोपऱ्यात त्यांनी फक्कीचा रिकामा डबा ठेवला होता आणि अलीकडून ते सर्व्हिस मारत होते. मी झाडाआड उभा राहून मोजलं. दहापैकी सात वेळा डबा वाजला. मला पाहिल्यावर त्यांनी रॅकेट काखेत धरली आणि शाळेत पकडल्या गेलेल्या पोरासारखे म्हणाले, "रेघा मारून राह्यलो, साहेब."

"सोनाजीराव," मी म्हटलं, "मग माझ्याशी सहा-चार कसं काय झालं?"

"तुमचं सहा-चारच असतंय."

"म्हणजे?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "ज्युनियर इंजनेर सहा-चार. डाक्टरसाहेब सहा-चार, पन त्यांचा खांदा हाये म्हून मला लई मेहनत पडती. तहसीलदार सहा-तीन. डिप्टी कलेक्टरसाहेबांचं सात-पाच."

"त्यांचं सात-पाच? ते तर सगळ्यात मोठे."

"म्हून तर. त्यांना सोप्पं जिंकलेलं चालत न्हाई. शंका येती. त्यांना घाम निघाला पाह्यजे, एक-दोन डाव हातातून गेला वाटलं पाह्यजे, मंग जिंकले पाह्यजेत. त्या दिवशी ते घरी जाऊन दोन घास जास्त खात्यात. बाईसाहेब सोता बोलल्या मला."

मी जरा दुखावलो. माझा घाम निघाला तो आपसूकच, ठरवून काढलेला नाही, सरसकट सहा-चार. पण माणसाच्या कामातल्या बारकाव्याला दाद द्यावीच लागली. एक नायब तहसीलदार होते, त्यांना बढती मिळाली आणि हुकूम हातात पडला त्याच संध्याकाळी त्यांचा निकाल सहा-चारवरून सहा-तीनवर गेला. बढतीने माझा खेळच सुधारला, असं ते सगळ्यांना सांगत राहिले. त्यात खोटं काहीच नव्हतं.

दिसायला सोनाजीराव उंच, सडसडीत. कॅनव्हासचे बूट कोर्टावरच्याच फक्कीने पांढरे केलेले. पांढरी पँट कमरेला एका जुन्या नेकटायने बांधलेली. ती टाय कोणी तरी साहेब बदली होताना टाकून गेला होता आणि तिच्यावर कसल्याशा कॉलेजचं निशाण होतं. रॅकेट लाकडी चौकटीत घट्ट आवळून खिळ्याला टांगत, तिला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. खेळ संपला की साहेब लोक वेताच्या खुर्च्यांवर बसत आणि सोनाजीराव पंपाच्या खोलीच्या पायरीवर. क्लबात माठ होता, पण ते घरून बाटलीत पाणी आणत. मी एकदा विचारलं, माठातलं का नाही पीत. ते म्हणाले, "पिऊ नको असं कुनी बी म्हनलं न्हाई. पी असं बी कुनी म्हनलं न्हाई. मंग कशाला?" छप्पन्न सालानंतर त्यांच्या घरातले जुने देव गेले होते आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर आली होती. क्लबाचा माठ मात्र जागच्या जागीच होता. मी तिथे ओशाळून उभा राहिलो, एवढंच केलं.

एक गोष्ट मला इंजिनिअर म्हणून छळायची. कोर्टाची एक मागची रेघ मला नेहमी तिरकी वाटे. शेवटी मी टेप लावून मोजलं. डाव्या कोपऱ्यात ती चांगली वीतभर बाहेर गेली होती.

"सोनाजीराव, ही रेघ चुकली आहे."

"चुकली न्हाई, साहेब. डिप्टीसाहेबांचे बॉल तिथंच पडत्यात. आधी मी रोज 'आत, साहेब' म्हनायचो. रोज खोटं बोलायचं बरं वाटंना, म्हून रेघच थोडी सरकवली. आता बॉल बी खरा आन मी बी खरा."

मी टेप गुंडाळून खिशात टाकली. खात्यातही आम्ही रस्ते असेच खरे करत होतो, फक्त इतक्या सचोटीने नाही.

आता डबल्सचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आमच्याकडे बहुतेक डबल्सच चाले. साहेबांच्या वयाला आणि पोटाला तेच झेपे. डबल्समध्ये एका बाजूला दोघं असतात. दोघांच्या मधून बॉल आला की तो कोणी घ्यायचा, हा जगभरचा प्रश्न. बाकी जगात दोघांपैकी एक जण "माझा" असं ओरडतो आणि मारतो. आमच्या क्लबाने हा प्रश्न कायमचा सोडवला होता. मधला बॉल हुद्द्याने मोठा असेल त्याचा. "माझा" असं फक्त त्यानेच म्हणायचं. धाकट्याने एक पाऊल मागे जायचं, रॅकेट खाली करायची आणि म्हणायचं, "साहेब, तुमचा." त्यातही बॉल उंच, हळू आणि ऐन मधोमध आला, म्हणजे चिमुरड्या मुलालाही मारता येईल असा, तर तो खास साहेबांचा बॉल. साहेब तो डोक्यावरून दाणकन मारत आणि खुर्च्यांवरून टाळ्या पडत. सोनाजीराव वीस वर्षं डावी-उजवीकडे धावून धावून बॉल परत करत आले होते, ते एवढ्याचसाठी, की शेवटचा मधला बॉल साहेबांना मिळावा. हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. लिहिलेले नियम आमच्याकडे इतके कसोशीने कधी पाळले गेले नाहीत.

अशात डेप्युटी कलेक्टरसाहेबांच्या वाचनात एक इंग्रजी वर्तमानपत्र आलं. हे आमच्या क्लबाचे अध्यक्ष. मनाने चांगला माणूस, फक्त आपण उत्तम टेनिस खेळतो असा त्यांचा समज होता आणि तो समज सांभाळायला आम्ही पगारी माणूस ठेवला होता. वर्तमानपत्रात मुंबईतल्या कुठल्याशा व्यावसायिक टेनिस स्पर्धेचे फोटो होते. पैसे घेऊन खेळणारे खेळाडू, गच्च भरलेले प्रेक्षक. साहेब म्हणाले, जालन्यात का नको. कोणी तरी विचारलं, व्यावसायिक खेळाडू आणायचे कुठून. तेव्हा तहसीलदारांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की मार्कर लोक पगार घेऊनच खेळतात, तर त्यांच्याइतके व्यावसायिक कोण. गावोगावच्या क्लबांना पत्रं गेली. एका जिनिंगवाल्या शेटजींनी इनाम आणि कप कबूल केला. कोर्ट एकच आणि दिवस दोनच, म्हणून फक्त डबल्स ठेवले. पत्रिकेत 'लॉन टेनिस' असं ठळक छापलं, जरी आमच्या कोर्टावर गवताचं पातंही नव्हतं.

ही बातमी ऐकल्यावर सोनाजीराव माझ्या ऑफिसात आले. याआधी ते कधी आले नव्हते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"इंजनेर साहेब, एक विचारायचं होतं. ह्या मॅची जिंकायच्या असतेत ना?"

"अर्थात."

"म्हंजी बराबर जिंकायच्या? कुनी साहेब न्हाई ना मधी?"

"कोणी नाही. सगळे तुमच्यासारखेच."

मग त्यांनी मुलीचं सांगितलं. विमल त्यांची एकुलती एक, तेव्हा मास्तरकीचं शिक्षण घेत होती. नऊ-दहा वर्षांची असताना एकदा ती डबा घेऊन क्लबात आली आणि तारेबाहेर उभी राहून तिने बापाचा खेळ पाहिला. त्या दिवशी समोर एक लठ्ठ अबकारी अधिकारी होते. घरी जाताना तिने विचारलं, अण्णा, तुम्ही रोज हरता का. सोनाजीराव म्हणाले, रोज. त्यानंतर ती कधी क्लबात आली नाही. मैत्रिणींनी विचारलं तर वडील क्लबात कामाला आहेत एवढंच सांगायची, खेळतात हे सांगत नसे.

"तिला मी काय सांगू, साहेब? मुद्दाम हारतो म्हनलं तर ती म्हनती, सगळेच हारनारे असंच म्हनत्यात. हुशार हाये पोरगी." ते जरा हसले. "एकदा तिच्यादेखत जिंकायचंय. मंग पुन्हा जल्मभर हारीन, काही न्हाई माझं."

जोडीदार म्हणून त्यांनी परभणीच्या क्लबातल्या युसूफभाईंना बोलावून घेतलं. निजामाच्या काळात हे दोघंही जालन्याच्या छावणीत फौजी अफसरांच्या कोर्टावर पाणी मारायला होते आणि अफसर जेवायला गेले की त्यांच्याच रॅकेटी घेऊन खेळत. युसूफभाई बुटके, गोल, मेंदी लावलेल्या दाढीचे. परभणीला ते पंचवीस वर्षं हरत आले होते. दोघं भेटल्याबरोबर एकमेकांना निकाल विचारले.

"डिप्टी को कितना देते तुम?"

"सात-पाच."

"हौ, बराबर है. हमारे पास भी सात-पाच इच चलता."

सामन्यांच्या आदल्या दिवशी मी टेप लावून सगळ्या रेघा नव्याने आखून घेतल्या. डावा कोपरा वीतभर आत आला. त्या संध्याकाळी साहेबांचे चार बॉल बाहेर गेले आणि ते म्हणाले, बांधकाम खात्याने कोर्ट बिघडवलं.

आठ जोड्या आल्या. औरंगाबाद, नांदेड, नगर, पार हैदराबादेहून. सोळा माणसं, आणि सोळातल्या एकालाही जिंकायची सवय नव्हती. पहिली मॅच सुरू झाली तेव्हा आम्हाला काही कळेचना. खेळ देखणा होता. असे फटके आमच्या कोर्टाने निजामानंतर पाहिले नव्हते. पण चार-चार अशी बरोबरी झाली, की दोन्ही जोड्या अचानक चुका करू लागत. आणि मधून बॉल आला, की दोघंही पाऊलभर मागे होऊन एकमेकांकडे अदबीने बघत आणि बॉल त्यांच्यामधून निवांत जाई. तहसीलदारांनी शेजारच्याला समजावलं, की ही व्यावसायिक खेळातली वरच्या दर्जाची खेळी आहे, आपल्याला इतक्यात कळायची नाही.

सोनाजीरावांना मात्र कळली. पायरीवर बसून दोन मॅची त्यांनी डोळे बारीक करून पाहिल्या आणि युसूफभाईंच्या कानाला लागले.

"मधी मार. मधी कुनी न्हाई."

"कैसा नहीं?"

"समदे मार्कर हायेत. मधला कुनी घेनार न्हाई. सवयच न्हाई कुनाला."

युसूफभाई दाढी कुरवाळत म्हणाले, "मियाँ, ये तो बेइमानी हुई."

"बेइमानी वीस वर्सं करून राह्यलो. हे इमानदारीचं हाये."

त्या एका युक्तीवर त्यांनी पहिल्या दिवशी दोन जोड्या गारद केल्या. बॉल मधोमध जाई, समोरचे दोघं मागे सरत, पॉइंट मिळे. प्रत्येक पॉइंटनंतर सोनाजीराव जरा अपराधी चेहरा करून खुर्च्यांकडे बघत, कोणी रागावलं तर नाही ना, म्हणून. कोणी रागावलं नाही. संध्याकाळी घरी जाताना ते मला म्हणाले, "साहेब, जिकताना हात हलका होतो. मला म्हाईतच न्हवतं."

दुसऱ्या दिवशी फायनल. मांडव आणि खुर्च्या माझ्या खात्याकडे होत्या, त्याचा फायदा घेऊन मी पहिल्या रांगेच्या टोकाला एक खुर्ची विमलसाठी राखली. ती आली. अंगाने बापासारखीच उंच, पांढरी साडी, हातात वही. बसायला तयार नव्हती, मी आग्रह केला तेव्हा टेकली. वही उघडून मांडीवर ठेवली, म्हणजे आपण टेनिस बघायला आलेलो नाही असं वाटावं. पहिला सेट संपेपर्यंत वहीचं पान उलटलं नव्हतं.

समोर नांदेडचे दोघं सख्खे भाऊ होते. त्यांच्यापुढे सोनाजीरावांची युक्ती चालेना, कारण भावाभावांत अदब कसली. मधून बॉल आला की दोघंही "माझा" ओरडत आणि रॅकेटीवर रॅकेटी आपटत. तेव्हा सोनाजीरावांना सरळ खेळावं लागलं. आणि ते खेळले. फक्कीचा डबा वाजवणारी सर्व्हिस त्यांनी वीस वर्षांत पहिल्यांदा माणसांसमोर मारली. मी खुर्च्यांकडे पाहत होतो. डॉक्टरसाहेब आपला खांदा चोळत बसले होते. नायब तहसीलदारांचा, म्हणजे आताच्या तहसीलदारांचा, चेहरा पडत चालला होता. आपल्यापुढे कोण इतकी वर्षं हरत होतं ते त्यांना हळूहळू दिसू लागलं होतं. एकटे डेप्युटी कलेक्टरसाहेब खुशीत होते. "माझ्याशी खेळून खेळून तयार झालाय," असं ते शेटजींना सांगत होते.

एक सेट इकडे, एक तिकडे. तिसऱ्यात सोनाजीराव आणि युसूफभाई पाच-तीन पुढे. फक्त एक पॉइंट हवा होता. विमलने वही मिटली आणि खुर्चीखाली ठेवली.

युसूफभाईंनी सर्व्हिस केली. बॉल चार-पाच वेळा इकडून तिकडे गेला. मग थोरल्या भावाच्या रॅकेटच्या कडेला लागून तो वर उडाला. उंच, हळू, ऐन मधोमध. सगळं मैदान वर बघत होतं. सोनाजीराव त्याच्या बरोबर खाली होते. युसूफभाईसुद्धा होते. कोणीही मारला असता.

दोघांनी एक एक पाऊल मागे घेतलं. दोघांनी रॅकेट खाली केली. आणि एकाच दमात दोन्ही आवाज आले. "साहेब, तुमचा." "साब, आपका."

बॉल दोघांमधून टप्पे घेत मागच्या तारेपर्यंत गेला आणि थांबला. कोर्टावर साहेब कोणीच नव्हता.

मांडव हसून लोटपोट झाला. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. सोनाजीराव मात्र तिथेच उभे होते. आपल्या हाताकडे बघत होते, हा कोणाचा हात आहे अशा नजरेने. त्यानंतर त्यांना एकही डाव मिळाला नाही. सात-पाच. हा निकाल त्यांनी ठरवलेला नव्हता, पण सवयीने तोच लागला.

बक्षीस समारंभात डेप्युटी कलेक्टरसाहेब भाषणाला उभे राहिले. कप नांदेडकरांना दिला, पण बोलले आमच्या जोडीबद्दल. म्हणाले, विजय हातात असताना या दोघांनी जी अदब दाखवली, ती आजच्या काळात दुर्मीळ आहे. आमच्या कार्यालयातल्या प्रत्येक कर्मचाऱ्याने हा आदर्श ठेवावा. टाळ्यांचा कडकडाट झाला. सोनाजीराव हात जोडून उभे होते. मला त्या टाळ्यांची इतकी चीड आली, की मी उठून रोलरपाशी जाऊन उभा राहिलो. चीड मला मुख्यतः माझीच आली होती.

तिथून मला विमल दिसली. सगळे चहाकडे वळले तेव्हा ती मागच्या तारेपर्यंत चालत गेली. तो बॉल अजून तिथेच पडला होता, पुढचे डाव दुसऱ्या बॉलांवर झाले होते. तिने तो उचलला, पदराने पुसला आणि पायरीवर बसलेल्या बापाच्या हातात नेऊन दिला.

"अण्णा, हा तुमचा होता."

"व्हय."

"तुम्ही रोज कसे हरता ते आज दिसलं मला," ती म्हणाली आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. माठाकडे एकदा बघितलं. मग पिशवीतून बाटली काढून बापाला पाणी दिलं.

तीनेक महिन्यांनी सोनाजीराव पुन्हा माझ्या ऑफिसात आले, या वेळी खुर्चीवर बसले. नोकरी सोडायचा अर्ज लिहून हवा होता. विमलला शाळा मिळाली होती.

"कारण काय लिहू?"

"लिवा, तब्येत."

"तब्येतीला काय झालं?"

"साहेब समोर आला की त्याला हारवावं वाटून राह्यलं. हा रोगच म्हना की. मार्करला हा रोग झाल्यावर क्लब कसा चालंल?"

मी 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं लिहिलं. शेवटच्या दिवशी डेप्युटी कलेक्टरसाहेबांनी निरोपाचा एक सेट खेळायची इच्छा दाखवली. साहेब भावनावश झाले होते, नवे बॉल काढायला लावले. आम्ही सगळे जमलो. मला खात्री होती, आज सोनाजीराव साहेबांना सहा-शून्य हरवणार. वीस वर्षांचं व्याजासकट देणार. मी तर पुढे सरकून बसलो होतो.

साहेब सात-पाच जिंकले.

मी खवळलो. खेळ संपल्यावर सोनाजीरावांना पंपाच्या खोलीमागे गाठलं आणि विचारलं, की आता कसली भीती होती. अर्ज मंजूर झालाय, उद्या तुम्ही कोण आणि साहेब कोण.

ते रॅकेट चौकटीत आवळत होते. "साहेब, सहा-शून्यनं हारवलं असतं तर ते काय म्हनले असते? म्हनले असते, जानारा मानूस म्हून आज मुद्दाम सोडलं मी. गावभर सांगत फिरले असते. मंग माझं जिकनं बी त्यांचंच झालं असतं." त्यांनी चौकटीचा शेवटचा स्क्रू पिळला. "हारनं तेवढं माझं सोताचं हाये. ते तसंच ऱ्हाऊ द्या."

क्लबाने नवा मार्कर ठेवला, तो तरुण होता आणि पहिल्याच महिन्यात त्याने तहसीलदारांना हरवलं. त्याला काढून टाकलं.

सोनाजीराव मला शेवटचे दिसले ते आणखी तीनेक वर्षांनी, आष्टीला. माझी बदली परतूरला झाली होती आणि मी रस्त्याच्या कामावर जीपने निघालो होतो. बाजाराचा दिवस होता, बैलगाड्यांनी रस्ता अडला होता, म्हणून ड्रायव्हरने गाडी शाळेच्या बाजूने घातली. शाळेच्या मैदानावर फक्कीच्या रेघा दिसल्या. इतक्या सरळ, की मी गाडी थांबवायला सांगितली.

दोन बांबूंच्या मध्ये खाटेची सुंभाची दोरी गाठी मारून मारून जाळीसारखी बांधली होती. एका बाजूला शाळेतले दोन मास्तर धोतराचे सोगे खोचून उभे. दुसऱ्या बाजूला विमल, साडीचा पदर कमरेला आवळलेला, आणि तिच्या शेजारी सोनाजीराव. केस पांढरे झाले होते. कमरेला तीच नेकटाय होती. कट्ट्यावर पाण्याची घागर होती आणि तिच्यावर एकच पेला पालथा ठेवलेला होता.

मी हाक मारणार होतो, तेवढ्यात एका मास्तरच्या रॅकेटच्या कडेला लागून बॉल वर उडाला. उंच, हळू, दोघांच्या मधोमध. मी जीपची दांडी घट्ट धरली.

विमल तयारीत होती. तिने रॅकेट उचललीही होती.

"माझा," सोनाजीराव ओरडले. इतक्या मोठ्याने, की रस्त्यावरच्या बैलांनी माना वळवल्या. मुलगी बाजूला झाली. त्यांनी दोन पावलं पुढे टाकली आणि सगळी ताकद लावून डोक्यावरून फटका हाणला.

बॉल रेघेच्या चांगला चार हात बाहेर पडला आणि बोरीच्या झुडपात गेला.

"अण्णा, बाहेर गेला," विमल म्हणाली.

"जाऊ दे की," ते म्हणाले. त्यांना दम लागला होता आणि चेहरा फुलला होता. "माझा होता."